'स्टेट' आणि 'पर्सिस्टंट': धरण, सातबारा, आयसीयू आणि सर्व्हर, सगळीकडे एकच शब्द का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारा मुलगा नाशिकचाच, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. इंटरव्ह्यूत त्याला विचारलं, "स्टेटलेस सर्व्हिसमधलं (म्हणजे मागचं काही लक्षात न ठेवणाऱ्या प्रोग्रॅममधलं) स्टेट जातं कुठे?" आणि याची बोलती बंद. घरी आई आयसीयूत सिस्टर, ती 'पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट' म्हणते (पर्सिस्टंट म्हणजे टिकून राहणारं). फिजिक्सच्या पुस्तकात स्टेट वेगळं, राज्यशास्त्रात स्टेट म्हणजे सरकार. त्याचं म्हणणं, हा खरंच एक शब्द आहे का नुसता योगायोग, आणि मराठीत याला म्हणायचं काय.

तू वयाने लहान आहेस म्हणून तू म्हणतो, राग मानू नकोस. मी गेली बावीस-तेवीस वर्षं डेटाबेस आणि सर्व्हर सांभाळतोय, त्यातली बरीचशी हॉस्पिटल आणि लॅबच्या सॉफ्टवेअरवर गेली, आणि मधली दोन वर्षं जमिनीच्या जुन्या रेकॉर्डच्या कामावर. डॉक्टर नाही आणि वकीलही नाही, त्यामुळे त्या बाजूचं बोलेन ते बाहेरून बघितलेलं. पण तुझा खरा प्रश्न शब्दाच्या अर्थाचा नाहीये असं मला वाटतं. 'काय लक्षात ठेवावं लागतं आणि ते कोण ठेवतं' हा आहे तुझा प्रश्न, आणि तो चारही ठिकाणी सेम आहे.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण नाशिककर पहिलं काय विचारतो? गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलंय. कमरेला, छातीला का गळ्याला. बास, एवढ्यावर सराफ बाजारातला दुकानदार ठरवतो की माल वर हलवायचा का नाही. जूनपासून कुठल्या दिवशी किती मिलिमीटर पाऊस पडला हे त्याला नको असतं. स्टेट म्हणजे हेच. आजवर जे काय झालं ते सगळं विसरलं तरी पुढचं ठरवायला जेवढं हाताशी लागतंच लागतं, तेवढं म्हणजे स्टेट.

आता यात एक गोम आहे. हाताशी काय लागतं ते तू काय ठरवणार आहेस त्यावर अवलंबून असतं. धरणाचा दरवाजा उघडणाऱ्याला पाण्याची पातळी पुरते, पण उद्या पडणाऱ्या पावसातलं किती पाणी धरणात येईल हे सांगायचं असेल तर वरच्या भागातली जमीन किती भिजलेली आहे तेही लागतं, आणि पन्नास वर्षांचं नियोजन करायचं तर गाळ किती साठलाय तेही. धरण एकच, स्टेट तीन. त्यामुळे "या सिस्टिमचं स्टेट काय" असं कोणी मोघम विचारलं तर आधी "कशासाठी?" असं विचारायचं, यात लाज वाटायचं काही कारण नाही. आणि साठा आणि विसर्ग यात गल्लत करू नकोस, 'धरण ८० टक्के भरलं' हे स्टेट झालं, 'इतके क्युसेक सोडले' ही घडामोड झाली, नवीन पोरं डेटाबेस डिझाइन करताना नेमकं हेच एका टेबलात कोंबतात.

फिजिक्सवाले पण हेच म्हणतात, फक्त शिस्तीत. वणीच्या गडावर पाचशेच्या वर पायऱ्या चढून जा नाहीतर फ्युनिक्युलर ट्रॉलीत बसून जा, वर पोचलास की उंची तीच. उंची स्टेट, घाम नाही. वायूचं तापमान, दाब, आतली ऊर्जा ही उंचीसारखी, आणि त्याला दिलेली उष्णता आणि त्याने केलेलं काम हे घामासारखं, कुठल्या वाटेने आलास त्यावर ठरणारं.

आता सातबाऱ्याकडे ये, कारण मला स्वतःला डेटाबेस खऱ्या अर्थाने तिथे कळला, पुस्तकात नाही. सातबारा म्हणजे आजची स्थिती, जमीन कोणाची, किती, बोजा काय, पीक काय. पण ती स्थिती तिथे आली कशी? तर फेरफाराने. गाव नमुना ६, फेरफार नोंदवही. खरेदी झाली, वाटणी झाली, वारस लागले, की तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) आधी फेरफार धरतो, नोटीस काढतो, हरकतीसाठी १५ दिवस थांबतो, मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो आणि तेव्हा कुठे सातबारा बदलतो. तुला सिलॅबसमध्ये राइट-अहेड लॉग आहे ना? आधी लॉग लिहायचा, मग टेबल बदलायचं, मधेच काही बिघडलं तर लॉग वाचून टेबल परत उभं करायचं. तेच हे. प्रमाणित करणं म्हणजे कमिट, बदल पक्का करणं. नवीन नमुन्याच्या सातबाऱ्यावर 'प्रलंबित फेरफार' अशी एक ओळ असते आणि 'शेवटचा फेरफार क्रमांक' पण असतो, म्हणजे कमिट न झालेलं काही आहे का आणि हे पान लॉगच्या कुठल्या नोंदीपर्यंत खरं आहे, दोन्ही छापून देतात! मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा हसलोच, आमच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये हे नव्हतं.

आणि जुनं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. आमच्या आजोबांच्या नावाला कंस आहे, वडिलांच्या नावाला कंस आहे, खाली आम्ही भावंडं. तुमच्या विषयात 'पर्सिस्टंट डेटा स्ट्रक्चर' म्हणून जे शिकवतात ते हेच, नवीन आवृत्ती झाली तरी जुनी जिवंत ठेवायची. त्याचा डिस्कवर डेटा टिकवण्याशी काही संबंध नाही, इथे बरीच मुलं फसतात.

पण सातबाऱ्याने मला दुसरी गोष्ट पण शिकवली. माणूस जाऊन वीस वर्षं झालेली असतात आणि उताऱ्यावर तो तसाच मालक असतो, कारण कोणी वारस नोंद केलेली नसते. २०२५ साली सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती याचसाठी. म्हणजे नोंद सत्यापेक्षा जास्त टिकली. महसूल संहितेच्या कलम १५७ मध्ये हे जवळजवळ लिहूनच ठेवलंय, की नोंद उलट सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीर नवी नोंद होईपर्यंत खरी मानायची. आता हे वाच आणि न्यूटनचा पहिला नियम आठव. बाहेरून बल लागेपर्यंत वस्तू आपल्या स्थितीत राहते. त्याने १६८७ साली लॅटिनमध्ये लिहिलं होतं त्यात शब्दच असे आहेत, 'पर्सेव्हेरारे इन स्टाटू सुओ', आपल्या स्थितीत टिकून राहणे. म्हणजे 'स्टेट' आणि 'टिकून राहणे' हे दोन्ही जवळपास साडेतीनशे वर्षांपूर्वीच शेजारी शेजारी बसलेले आहेत, फक्त टिकण्याचा शब्द तिथे 'पर्सिस्ट' नाही, दुसरा आहे.

योगायोग आहे का विचारलंस ना, तर नाही. 'स्टेट' लॅटिनमधल्या 'उभं राहणे' या धातूवरून आला, 'पर्सिस्ट' मधला सिस्ट पण त्याच घरातला, आणि आपला 'स्था' हा त्यांचा चुलतभाऊ. स्थिती, अवस्था, स्थायी, संस्था, अगदी राजेरजवाड्यांचं संस्थान, सगळे त्याच कुळातले. इंग्रज ज्याला 'प्रिन्सली स्टेट' म्हणायचे त्याला आपण 'संस्थान' म्हणत होतो, धातू त्याच कुळातला.

आता माझ्या नोकरीतला किस्सा. साल २००९ च्या आसपास, साठेक बेडचं एक हॉस्पिटल, नाव घेत नाही. बिलिंगचा सर्व्हर आम्ही सांभाळायचो. दुपारी लाईट गेली, यूपीएसने दोन मिनिटं पीप पीप केलं आणि बसला, जनरेटर उशिरा लागला. सर्व्हर परत चालू केला तर सगळं व्यवस्थित, एरर एक नाही, फक्त शेवटच्या पंचवीस-तीस मिनिटांच्या पावत्याच नाहीत. पेशंटच्या हातात छापील पावती आणि सर्व्हर म्हणतो असं काही झालंच नाही. झालं असं होतं की डिस्कच्या कंट्रोलर कार्डवर स्वतःची थोडी मेमरी असते, वेगासाठी, आणि लाईट गेली तर ती जगावी म्हणून तिला बारकी बॅटरी असते. ती बॅटरी कधीच मेली होती. कार्ड डेटाबेसला "लिहिलं" असं सांगत होतं आणि लिहिलं कुठे होतं तर स्वतःच्या डोक्यात. बॅटरी गेल्यावर कार्डाने ते थांबवायला हवं होतं पण सेटिंग कोणीतरी, म्हणजे आमच्यापैकीच कोणीतरी, स्पीडसाठी जबरदस्तीने चालू ठेवलेलं. शेवटी कॅशियर मॅडमच्या कार्बन कॉपीच्या पावतीबुकातून रात्री दोनपर्यंत बसून सगळं परत भरलं. आम्ही लाखाच्या सर्व्हरला पर्सिस्टंट म्हणत होतो आणि त्या दिवशी खरं टिकलं ते चाळीस रुपयांचं पावतीबुक.

तेव्हापासून 'पर्सिस्टंट' शब्द ऐकला की मी दोनच प्रश्न विचारतो. कशातून टिकतं? आणि टिकवतंय कोण? प्रोग्रॅम क्रॅश झाला तर टिकेल, पण लाईट गेली तर? लाईटमधून टिकेल, पण डिस्क गेली तर? डिस्क गेली तरी कॉपी आहे, पण कोणी चुकून डिलीट मारलं तर ते कॉपीवर पण डिलीट होतं ना? प्रत्येक पायरीला उत्तर वेगळं आणि खर्च वेगळा. आणि फुकटात काहीच टिकत नाही, तू ज्याला साधी रॅम म्हणतोस ती सुद्धा लाईट चालू असताना विसरतच असते, तिला साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ परत वाचून लिहावी लागते, आपल्याला दिसत नाही एवढंच. कुबरनेटीसमधल्या (बऱ्याच सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) 'पर्सिस्टंट व्हॉल्यूम'चंही तसंच, पॉड (त्यात चालणारा प्रोग्रॅम) मेला तरी टिकतो म्हणून ते नाव, पण आपोआप बनवलेल्या व्हॉल्यूमची पॉलिसी डिफॉल्टला 'डिलीट' असते, क्लेम (त्या जागेची मागणी) उडवला की खालची डिस्क पण गेली. नाव वाचून निवांत झोपलेले लोक मी बघितलेत.

मेडिकलमध्ये हे दोन प्रश्न लावून बघ, सगळं उलगडतं. लहानपणी कांजिण्या होतात, बऱ्या होतात, आपण विसरतो. पण तो विषाणू जात नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी गप्प पडून राहतो आणि साठीत प्रतिकारशक्ती ढिली पडली की नागीण होऊन बाहेर येतो. टीबीचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा का? पहिल्या दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं, वजन वाढतं, खोकला जातो आणि माणूस गोळ्या बंद करतो. पण भराभर वाढणारे जंतू मेलेले असतात, सुस्त पडलेले उरलेले असतात. १९४४ साली जोसेफ बिगर नावाच्या डॉक्टरने पेनिसिलिनमधून वाचलेल्या अशा थोड्या जंतूंना 'पर्सिस्टर' नाव दिलं. ते औषधाला दाद न देणारी वेगळी जात नसतात, तीच जात, फक्त झोपलेल्या अवस्थेत. त्यांची पुढची पिलावळ त्याच औषधाला परत मरते. म्हणजे इथे जंतू टिकला तो 'स्टेट' बदलून, आणि रेझिस्टन्स आणि पर्सिस्टन्स यातला फरक हाच.

द्राक्षवाल्यांना पण हे पाठ असतं, फक्त ते 'रेसिड्यू' म्हणतात, म्हणजे फवारलेल्या औषधाचा मालावर उरलेला अंश. माझा साडू दिंडोरीकडे बाग करतो, फवारणी आणि काढणी यात किती दिवस ठेवायचे हे त्याच्या वहीत तारखेनिशी असतं, कारण औषध किती टिकेल हे नुसत्या औषधावर नाही, ऊन, पाऊस, पानांची दाटी यावर पण असतं. २०१० साली सीसीसीच्या (क्लोरमेक्वाट, वेलीची वाढ आवरणारं औषध) अंशामुळे युरोपात माल अडकला तेव्हाची आठवण काढली की अजून त्याचा आवाज बदलतो.

आता आईच्या शब्दाकडे. पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट हे नाव १९७२ मध्ये ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम या दोघांनी दिलं. पेशंटचे डोळे उघडतात, झोप-जाग असते, पण आजूबाजूचं भान असल्याची खूण दिसत नाही. यातलं 'पर्सिस्टंट' म्हणजे 'पर्मनंट' नाही, इतकंच की अजून टिकून आहे. पुढे १९९४ मध्ये अमेरिकेत ठरलं की एक महिन्यानंतर पर्सिस्टंट म्हणायचं आणि पर्मनंट म्हणायला डोक्याला मार लागला असेल तर बारा महिने, बाकी कारणात तीन महिने. नंतर काही पेशंट त्या मुदतीनंतरही थोडे सुधारतात असं दिसलं म्हणून २०१८ च्या तिथल्या गाइडलाइनमध्ये पर्मनंट काढून 'क्रॉनिक' घातलं. एका शब्दावर किती घरांचे निर्णय अवलंबून असतात बघ. (कोणा एका पेशंटबद्दल मात्र इथे विचारू नकोस, ते डॉक्टरांनाच विचारायचं.)

आणि टिकवतंय कोण? अरुणा शानबाग, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलचीच नर्स, हल्ल्यानंतर १९७३ ते २०१५, बेचाळीस वर्षं तिथेच याच अवस्थेत. सुप्रीम कोर्टाचा २०११ चा निकाल लोकांना इच्छामरणासाठी आठवतो, पण त्यातच हेही आहे की इतक्या वर्षांत तिला एकही बेडसोअर झाला नाही. पडून राहणाऱ्या माणसाला बेडसोअर न होणं म्हणजे दर दोन-अडीच तासांनी कोणीतरी कूस बदलतंय, दिवसा आणि रात्री, पिढ्यान् पिढ्या सिस्टर बदलल्या तरी. कोर्टाने तिच्या वतीने बोलायचा हक्कही त्या स्टाफलाच दिला. तुझ्या आईला मी रॅमच्या रिफ्रेशचं उदाहरण देणार नाही, तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

हॉस्पिटलमध्येच अजून एक बघ. एमआरआयच्या दारावर पाटी असते, चुंबक कायम चालू आहे. खरंच असतं, रात्री मशीन बंद दिसलं तरी. आतल्या वेटोळ्यात एकदा करंट सोडला की वीज तोडली तरी तो फिरतच राहतो, वर्षानुवर्षं, कारण त्या तारेला रोधच नसतो. फिजिक्समध्ये याला पर्सिस्टंट करंट म्हणतात. पण अट काय, तर द्रव हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवायचं. थंडावा गेला की हेलियम उडून जातो आणि चुंबक संपलं. म्हणजे करंट फुकट फिरतो, बिल थंडाव्याचं येतं.

सरकारबद्दल थोडक्यात, कारण इथे लोक लगेच पक्षावर येतात. राज्य आणि सरकार वेगळं. सरकार बदलतं, राज्य चालू राहतं, ते कसं तर नोंदी, कायदे आणि जागा रिकामी न ठेवायची सोय. १८६० चा दंडसंहितेचा कायदा राणीच्या काळातला, १९४७ मधून टिकला, पुढे १९५० मध्ये राज्यघटनेच्या कलम ३७२ नेही जुने कायदे चालू ठेवले, आणि २०२४ च्या १ जुलैला नवीन संहिता आली तरी त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनाच लागतो. आपल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, प्रशासक बसले, घरपट्टीचं बिल तरी थांबलं का? आणि 'स्थायी' समितीत सोळा सदस्य, त्यातले निम्मे दर वर्षी निवृत्त होतात. राज्यसभेतही दर दोन वर्षांनी एक तृतीयांश. सगळे एकदम बदलायचे नाहीत, थोडे थोडे बदलायचे, म्हणजे सभा कधी शून्यावर येत नाही. आम्ही सर्व्हर अपडेट करताना अगदी हेच करतो, रोलिंग अपडेट.

उलटंही होतं. आपल्या नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये नोट छापतात तो कागद चांगला टिकाऊ, पण ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री पाचशे-हजारच्या जुन्या नोटांचा कागद तसाच राहिला आणि स्टेट, म्हणजे चलन असणं, गेलं. कारण ते स्टेट कागदात नव्हतंच, दुसरीकडे कुठेतरी होतं. मला वाटतं तुझ्या इंटरव्ह्यूच्या प्रश्नाची चावी इथेच आहे.

सिव्हिलच्या ओपीडीत गेलायस कधी? सोमवारी एक डॉक्टर, गुरुवारी दुसरा, कोणी तुला ओळखत नाही. तरी काम चालतं कारण केसपेपर तुझ्या पिशवीत असतो. डॉक्टर स्टेटलेस, स्टेट पेशंटच्या हातात. वेबचं तसंच, एचटीटीपीला (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात ते) मागचं काही आठवत नाही, म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मोंटुलीने कुकी काढली, म्हणजे केसपेपरच. स्टेटलेस सर्व्हिसमधलं स्टेट नाहीसं होत नाही, ते ढकललेलं असतं, एकतर क्लायंटकडे, म्हणजे तुझ्या ब्राउझरकडे, कुकी किंवा टोकनमध्ये (ओळखीची चिठ्ठी), नाहीतर मागच्या डेटाबेसकडे. फायदा हा की पुढचे डॉक्टर कितीही वाढवा, कोणी रजेवर गेला तरी अडत नाही. तोटा हा की केसपेपर हरवला किंवा कोणी त्यात खाडाखोड केली तर बोंब, म्हणून टोकनवर सही लागते.

मराठीत म्हणायचं तर मी स्टेटला 'स्थिती' म्हणतो, पेशंटचं किंवा जंतूचं असेल तर 'अवस्था', सरकारचं असेल तर 'राज्य'. पर्सिस्टंटला एक शब्द मला सापडला नाही, वाक्यातच सांगतो, 'लाईट गेली तरी टिकणारं', 'माणूस बदलला तरी टिकणारं'. लांब होतं पण कशातून ते आपोआप सांगावं लागतं.

पुढच्या इंटरव्ह्यूत हा प्रश्न परत आला तर केसपेपर सांग, आणि त्यांनी 'आमचा डेटा पर्सिस्टंट आहे' म्हटलं तर नम्रपणे विचार, बॅकअप शेवटचा कधी रिस्टोर करून बघितला होता? आम्ही त्या २००९ च्या दुपारपर्यंत एकदाही बघितला नव्हता.